मुंढा बघून लावलेली पैज

मारुतीअण्णांना टेनिसमधलं काही म्हणजे काही कळत नाही. त्यांना मुंढा कळतो. मुंढा म्हणजे शर्टाची बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. गेली तीन वर्षं त्या एका गोलाच्या जोरावर त्यांनी मला टेनिसच्या प्रत्येक पैजेत हरवलं आहे.

वास्तविक आमच्या दोघांत टेनिसचा जाणकार मी. मी मूळचा मिरजेचा. विमा कंपनीने बदली केली म्हणून म्हैसूरला आलो आणि विठोबाच्या देवळासमोरच्या गल्लीत अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो. खाली पुढच्या खोलीत अण्णांचं शिवणकामाचं दुकान, मागे ते आणि त्यांच्या पत्नी अक्का राहतात. मोठी मॅच असली की दोन दिवस आधीपासून माझा अभ्यास सुरू होतो. पहिल्या सर्व्हिसची टक्केवारी, डावखुऱ्यांविरुद्धची कामगिरी, कुणाचा घोटा सुजलाय, कुणाचं लग्न मोडलंय, हे सगळं मी इंटरनेटवरून शोधून एका वहीत उतरवतो. त्याला चार रंगांची पेनं लागतात. टेनिसची रॅकेट मात्र मी जन्मात एकदाच हातात धरली आहे. तीही दुकानात, आणि किंमत वाचून लगेच जागेवर ठेवली.

अण्णा यातलं काही करत नाहीत. भिंतीवरच्या टीव्हीवर खेळाडू सरावाला उतरला की ते मशीन थांबवतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि एकच सर्व्हिस बघतात.

"नोडि साहेब," ते म्हणतात. नोडि म्हणजे कन्नडमध्ये बघा. "हात वर गेला, शर्ट कमरेतून वर आला. मुंढा टैट. आता खाली ओढणार बघा."

आणि तो जगप्रसिद्ध माणूस खरोखरच शर्ट खाली ओढतो.

"आता दोन तास ओढतच राहणार की वो. रॅकेटपेक्षा शर्टाचंच काम जास्ती. हा गेला, सुम्ने."

सुम्ने हा त्यांचा लाडका शब्द. त्याचा अर्थ उगीच, सहज असा काहीसा आहे, पण अण्णा तो पूर्णविरामासारखा वापरतात. त्यांच्या घराण्याला म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये जाऊन पोचतं. लिहितातही मराठी, पण कन्नड अक्षरात. सुरुवातीला मी मनातल्या मनात त्यांचं मराठी सुधारत असे. पुढे एकदा फोनवर आईलाच "स्वल्प थांब गं" म्हणालो आणि ती म्हणाली, "काय थांबू?" तेव्हापासून माझी ती खोड गेली.

खेळाडूंची नावं अण्णांना लागत नाहीत. त्यांच्या लेखी एक 'बेचाळीस छाती' आहे, एक 'उतरत्या खांद्याचा' आहे, आणि जगात पहिल्या नंबरावर असलेला खेळाडू म्हणजे 'तो, ज्याचं कुणी नीट मापच घेतलं नाही'.

ही विद्या त्यांना वडिलांमुळे मिळाली. वडील क्लबातल्या बड्या लोकांचे टेनिसचे पांढरे कपडे शिवायचे. कपडे दिले की काम संपलं, असं त्यांचं नव्हतं. ते आपल्या दोन्ही मुलांना, मारुतीला आणि धाकट्या दत्तूला, क्लबाच्या जाळीबाहेर उभं करायचे. गिऱ्हाईक सर्व्हिस करताना शर्ट कुठे ओढला जातो ते बघायचं आणि घरी येऊन सांगायचं. मग वडील काहीतरी निमित्त काढून तो शर्ट परत मागवायचे आणि गिऱ्हाइकाला न सांगता मुंढा सैल करून द्यायचे. जाळीबाहेर तास तास उभ्या राहणाऱ्या दोन भावांना दुसरं काय सुचणार? आज कोण हरणार यावर त्यांची पैज लागायची. हरेल त्याने दुसऱ्याच्या वाटणीची काजं करायची.

"दत्तूची नजर माझ्यापेक्षा बेस," अण्णा एकदा बोलून गेले. मग त्यांनी मशीन इतक्या जोरात चालवलं की मला पुढे काही विचारता आलं नाही.

पुढचं मला अक्कांनी सांगितलं. दोघे भाऊ याच दुकानात समोरासमोर बसून काम करायचे. अकरा वर्षांपूर्वी दत्तूने शाळांचे गणवेश घाऊक शिवायची कल्पना काढली. अण्णा म्हणाले, "एका मापात शंभर पोरं? देवानं तरी तशी केली काय?" शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी अण्णा म्हणाले, "उद्यापासून माझ्या कात्रीला हात लावू नको." दत्तूने कात्री टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि तो नंजनगूडला एका कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून लागला. नंजनगूड इथून बसने तासाभरावर. तेव्हापासून दोघे भाऊ फक्त लग्नाकार्यात दिसतात. एका पंगतीत बसतात, पण मीठ हवं असलं तरी अक्कांच्या मार्फत मागतात.

आमची पैज पैशाची नसते. "पैसा आला की जुगार झाला. समोर देव राहतो आपल्या," असं अण्णांचं म्हणणं. पैज शिक्षेची असते. वयाने मोठे म्हणून खेळाडू आधी अण्णा निवडतात, उरलेला माझा. मग अण्णा कापडाच्या एका तुकड्यावर खडूने पैज लिहितात आणि तो तुकडा टाचणीने भिंतीला लावतात. त्या भिंतीवर माझे पराभव ओळीने टाचलेले आहेत. एकदा मी उरलेल्या कापडांचा शर्ट घालून ऑफिसला गेलो. एक बाही चौकटीची, एक रेघांची, पाठ फुलाफुलांची. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. एकदा रविवारभर बसून मी पंचवीस काजं केली. त्यातल्या एकातही बटण जाईना. अण्णांनी ती सगळी उसवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही हरलात तरी काजं बेडा, नकोत."

तर यंदाच्या फायनलची गोष्ट. मॅच रविवारी दुपारी होती. शुक्रवारी मी वही घेऊन खाली गेलो. माझ्या चारही रंगांच्या पेनांनी एकमुखाने पांढऱ्या शर्टवाल्याला कौल दिला होता. पण पांढराच अण्णा घेणार, कारण सेमीफायनलमध्ये निळ्या शर्टवाला साऱ्या जगासमोर शर्ट ओढत होता. त्याचा मुंढा टैट आहे हे एव्हाना मलासुद्धा दिसायला लागलं होतं.

अण्णांनी सावकाश चष्मा पुसला. "मला निळा," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अण्णा, मुंढा?"

"बघितला. निळाच."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी घाईघाईने "पांढरा माझा" म्हणून टाकलं. अण्णांचं वय झालं, नजर गेली, असं वाटून मला थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

"शिक्षा काय ठेवायची?" मी विचारलं.

अण्णा खडूला टोक काढत होते. "हरेल त्याने, ज्याच्याशी बोलत नाही त्या माणसाला फोन करायचा. मॅच झाल्या झाल्या. इथं बसून."

अशी शिक्षा त्यांनी आधी कधी ठेवली नव्हती. मी जरा चरकलो, कारण मलाही असा एक माणूस आहे. माझे साडू, अविनाशराव, मुक्काम सांगली. दोन वर्षांपूर्वी एका मुंजीत सगळ्या पाहुण्यांसमोर मी एका मॅचचं भाकीत खणखणीत आवाजात सांगितलं होतं. ते इतकं चुकलं की आमचा खेळाडू तासाभरात सामान घेऊन निघाला. अविनाशरावांनी माझ्या भाकिताचा व्हिडिओ केला होता. तो ते महिनाभर रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर 'सुप्रभात' म्हणून टाकत राहिले. मी ग्रुप सोडला, अविनाशरावांना सोडलं आणि सांगलीच्या दोन लग्नांना पाठदुखीचं कारण दिलं. पण आता काळजी कसली? पांढरा माझ्याकडे होता. मी वर जाऊन बायकोला सांगितलं, "या वेळी मी जिंकलोच." ती म्हणाली, "मग अविनाशभावजींचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

शनिवारी सकाळी अक्का जिन्यात भेटल्या. हातात फुलांची परडी होती, पण देवळाकडे पाय निघत नव्हता.

"दत्तूभावजींचा हात थरथरतोय म्हणे," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोनं गुरुवारी फोन केलेला. कारखान्यात कटिंगच्या टेबलावरून उठवलं त्याला. बटणं मोजायला बसवलंय."

"अण्णांना सांगितलं?"

"सांगितलं की. ऐकून घेतलं. फोन करा म्हटलं तर म्हणतात, लहान तो आहे, त्यानं करावा. मत्ते मग दिवसभर सुईत दोरा ओवत बसले. एकच दोरा."

मी हळहळलो. वर जाऊन वहीत पांढऱ्याच्या बॅकहँडची टक्केवारी पुन्हा एकदा तपासली. दोन आणि दोन चार करायला मला नेहमीच वेळ लागतो.

रविवारी अण्णांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, अक्कांनी कॉफी केली आणि आम्ही टीव्हीसमोर बसलो. निळ्याने पहिल्याच गेममध्ये तीनदा शर्ट ओढला. पहिला सेट त्याने अर्ध्या तासात घालवला. अण्णांचा माणूस हरत होता आणि अण्णा मजेत होते. त्यांनी संत्रं सोलून मला दिलं. अक्कांना विचारलं, "तुझी नंबरांची वही कुठं असते गं?" दुसरा सेटही निळा हरला. अण्णा गुणगुणायला लागले. मी मनात म्हटलं, याला म्हणतात खिलाडूवृत्ती.

मग निळा शर्टवाला आत गेला. पाचेक मिनिटांनी बाहेर आला तेव्हा अण्णांच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

"अय्यो," ते म्हणाले. "बाही काढली!"

खरंच. रंग तोच निळा, पण आता बिनबाह्यांचा शर्ट. दोन्ही खांदे उघडे.

"बाहीच काढली वो मेल्यानं! मुंढाच ठेवला नाही!"

त्यानंतर त्या माणसाने जी सर्व्हिस केली ती मला दिसलीच नाही, नुसती ऐकू आली. तिसरा सेट त्याने घेतला. चौथ्यात अण्णांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. त्यांना घाम फुटला होता. स्वतःचा माणूस जिंकतोय आणि हे घामाघूम! पांढऱ्याने एक पॉइंट घेतला तेव्हा ते चक्क टाळी वाजवून बसले आणि मग हात मांडीखाली लपवले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अण्णांची नजर गेली नव्हती. मुंढा त्यांनी अचूक बघितला होता आणि हरणारा शर्ट बघूनच निवडला होता. धाकट्याला आपणहून फोन करायचा तर मोठेपण आडवं येत होतं. पैज हरल्यावर करावा लागला, तर त्यात मोठेपणाचं काही जात नव्हतं.

मला स्वतःची अतोनात लाज वाटली. मी तीन दिवस या माणसावर कुरघोडी केल्याच्या आनंदात होतो. त्यानंतर मी पांढऱ्यासाठी जो ओरडलो, तसा आयुष्यात कुणासाठी ओरडलो नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच अण्णा आणि मी एकाच खेळाडूच्या बाजूला होतो, आणि आमचा खेळाडू पाचव्या सेटमध्ये हरला. माझा पाठिंबा मिळाल्यावर त्याचं दुसरं काय होणार होतं?

टीव्हीवर निळा जमिनीवर उताणा पडून रडत होता.

"तुम्ही हरलात, साहेब," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "लावा फोन."

मी अविनाशरावांना फोन लावला. मनात दोन वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही बोलावं लागलं नाही. "अरे!" ते ओरडले. "जिवंत आहेस होय? आजच्या मॅचचं काय भाकीत होतं तुझं?" मी म्हटलं, "पांढरा." पलीकडून जे हसू फुटलं ते दुकानाबाहेरही ऐकू गेलं असेल. मग त्यांनी माझ्या पाठदुखीची चौकशी केली. मी खोटं बोललो होतो हे मान्य केलं. "ठाऊक आहे रे," ते म्हणाले, "मेमध्ये ये आंबे खायला." संपलं. दोन वर्षांचं वैर तीन मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

अण्णा माझ्याकडे टक लावून बघत होते. "एवढंच असतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी मान खाली घातली. भिंतीवरचा कापडाचा तुकडा काढायला उठले. पैज संपली की तो काढून माझ्या पराभवांच्या ओळीत लावायचा असतो. मी त्यांच्या हातातून तो घेतला आणि वाचायला लागलो. कन्नड अक्षरं मला अजून बोट ठेवून वाचावी लागतात. "नि-ळा. अ-र्धी बा-ही. मुं-ढा टै-ट." मी पुन्हा वाचलं. मग म्हणालो, "अण्णा, तुम्ही हरलात."

"काय?"

"निळा, अर्धी बाही, मुंढा टैट. तुम्हीच लिहिलंय. हा शर्ट दोन सेट हरून आत गेला, परत आलाच नाही. जिंकला तो बिनबाह्यांचा. त्याच्यावर तुमची पैजच नव्हती."

"माणूस तोच की वो."

"माणसावर तुम्ही कधी पैज लावलीय? नाव तरी ठाऊक आहे का त्याचं? तुम्ही लावता शर्टावर."

अण्णांनी तुकडा घेऊन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ वाचत राहिले. "विमा कंपनीत असलं शिकवतात काय?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हणालो. आणि ते खरं आहे. कागदावरच्या असल्याच बारीक ओळी दाखवून मी जन्मभर लोकांचे क्लेम परत पाठवत आलो. त्या ओळींचा कुणाला उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मग तुमचा फोन फुकट गेला की."

"जाऊ दे. मी पण हरलो, तुम्ही पण हरलात."

"नियम म्हणजे नियम," अण्णा म्हणाले. इतक्या घाईने पैज हरलेला माणूस मी पाहिला नाही. अक्का नंबरांची वही आणायला आत धावल्या. त्या बाहेर यायच्या आत अण्णांनी नंबर दाबलाही होता. त्यांना तो पाठ होता.

फोन त्यांनी कानापासून लांब, दोन्ही हातांत धरला होता, त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. "हॅलो," एक दमलेला आवाज आला. "हॅलो, वहिनी?" अण्णा नुसते खाकरले.

पलीकडून आवाज आला, "अण्णा?"

अण्णांनी नुसती मान हलवली, जणू फोनमधून ती दिसणार होती.

"अण्णा, मॅच बघितलीस काय?" दत्तू म्हणाला. "त्यानं बाही काढली रे."

"काढली," अण्णा म्हणाले.

"मी पांढरा धरला होता."

"मी पण," अण्णा म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले, आणि त्यांना माझी आठवणही नव्हती. "दत्तू, हात कुठला? उजवा काय?"

"उजवा."

"कात्री धरता येत नाही?"

"सुईत दोराच जात नाही, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटले. "मी त्या दिवशी जास्ती बोललो," ते म्हणाले. "कात्री बाबांची होती. तुझी पण होती." अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी टीव्हीकडे बघितलं. तिथे बक्षीस समारंभ चालला होता, पण मला काही दिसत नव्हतं.

"तू नको येऊ, मी येतो," अण्णा शेवटी म्हणाले. "उद्या. पहिल्या बसनं. हौदु, होय, येतो म्हटलं की." आणि त्यांनी फोन ठेवला.

ते उठले, शटर वर केलं, परत खाली आणलं. कपाळावरचा चष्मा शोधत दोनदा टेबल चाचपलं. मग अक्कांकडे वळून त्यांनी विचारलं, "नंजनगूडच्या बस स्टँडवर उतरून कुठल्या बाजूला जायचं गं?"

"मला काय ठाऊक? तुम्ही कधी जाऊ दिलंत?"

अकरा वर्षं तो नंबर पाठ ठेवलेल्या माणसाने भावाचं घर एकदाही पाहिलं नव्हतं.

"विचारा की त्यालाच," अक्का म्हणाल्या.

"आत्ताच तर ठेवला. हसेल तो."

"हसू दे."

अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी पुन्हा फोन लावला.